‘मतपरीक्षा’ आणि तिचीं उत्तरें : ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रमाणांविषयींचा एक संस्कृत वाद

ख्रिस्ती धर्मावरील श्रद्धेस साक्षीपुराव्याचा व युक्तीचा आधार मिळूं शकतो काय, आणि मिळत असल्यास तो कोठपर्यंत पोंचतो, हा प्रश्न युरोपांत शेंकडों वर्षें चर्चिला गेला आहे. परंतु हाच प्रश्न एकदां संस्कृत भाषेंत, आपल्या शास्त्रांच्या परिभाषेंत लढविला गेला, ही गोष्ट आपल्याकडील जुन्या ग्रंथांच्या संग्राहकांसही फारशी परिचयाची नाहीं. इ. स. १८३९ ते १८४५ या अवघ्या सहा वर्षांत चार संस्कृत ग्रंथ या वादांतून निर्माण झाले. पहिला एका स्कॉच मुलकी अधिकाऱ्याचा; बाकीचे तीन त्यास उत्तर देणाऱ्या पंडितांचे. या तीन पंडितांपैकीं दोघे महाराष्ट्रीय ब्राह्मण होते, व त्यांतील एक पुढें स्वतःच ख्रिस्ती झाला.

प्रस्तुत लेखांत या ग्रंथांचा परिचय करून देऊन, उभय पक्षांचीं प्रमाणें आज उपलब्ध असलेल्या साधनांच्या कसोटीस कितपत उतरतात हें पाहण्याचा विचार आहे. कोणत्याही धर्माचें मंडन अथवा खंडन करण्याचा आमचा हेतु नाहीं. साक्ष कोणाची घ्यावी, ती काय सिद्ध करते व कोठें थांबते, हा इतिहाससंशोधकाच्या रोजच्या व्यवहारांतला प्रश्न आहे. त्याच दृष्टीनें आम्हीं हा विषय हातीं घेतला आहे.

१. वादाची पार्श्वभूमि

अठराव्या शतकांत इंग्लंडांत धर्मश्रद्धेवर बुद्धिवाद्यांचा हल्ला झाला, तेव्हां तिच्या रक्षणार्थ जें वाङ्मय उत्पन्न झालें त्यांत बिशप जोसेफ बटलर याचा ‘अ‍ॅनॅलॉजी’ (१७३६) व विल्यम पेली याचा ‘एव्हिडन्सेस ऑफ ख्रिश्चॅनिटी’ (१७९४) हे दोन ग्रंथ प्रमुख होत. बटलरचें म्हणणें असें कीं, संसारांतील महत्त्वाचे निर्णय मनुष्य निःसंशय ज्ञानावर करीत नाहीं, संभवाचें तारतम्य पाहून करितो. मग धर्माच्याच बाबतींत गणितासारख्या सिद्धतेचा हट्ट कां धरावा? पेलीची मांडणी न्यायकचेरींतील वकिलाच्या थाटाची आहे. येशूच्या चमत्कारांची व पुनरुत्थानाची साक्ष देणारे पहिले लोक त्या साक्षीपायीं श्रम, संकटें व यातना सोशीत राहिले. आपला पूर्वीचा आचार त्यांनीं टाकला. त्यांत त्यांस ऐहिक लाभ कांहींच नव्हता. असे साक्षीदार जाणूनबुजून खोटें बोलले असें मानणें अयुक्त होय, हा त्याच्या प्रतिपादनाचा कणा.

या दोहोंच्या मधल्या काळांत, १७४८ सालीं, डेव्हिड ह्यूम यानें चमत्कारांवरील आपल्या निबंधांत उलट बाजू मांडली होती. चमत्काराच्या साक्षीवर विश्वास तेव्हांच ठेवावा, जेव्हां ती साक्ष खोटी असणें हें त्या चमत्काराहूनही अधिक असंभवनीय ठरेल. शिवाय निरनिराळे धर्म आपापले चमत्कार पुढें करितात, त्यामुळें ते एकमेकांच्या साक्षीचें बळ कमी करितात, असे त्याचे आक्षेप होते.

हा सारा शस्त्रसंभार मिशनऱ्यांबरोबर हिंदुस्थानांत आला. मुंबईस १८३१ सालीं रेव्हरंड जॉन विल्सन व मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला, व त्यांतून दांडेकरांचें ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हें पुस्तक निघालें, हें मराठी वाचकांस ठाऊक आहेच. परंतु तो वाद लोकभाषेंत झाला. पंडितांच्या भाषेंत, त्यांच्याच शास्त्रीय पद्धतीनें हा विषय मांडण्याचा प्रयत्न आठ वर्षांनंतर उत्तरेंत झाला.

२. म्यूर व त्याची ‘मतपरीक्षा’

जॉन म्यूर (१८१०–१८८२) हा ग्लासगो येथें जन्मलेला, बंगालच्या मुलकी नोकरींत असलेला गृहस्थ. ‘ओरिजिनल संस्कृत टेक्स्ट्स’ या पांच भागांच्या ग्रंथाचा कर्ता म्हणून तो पुढें प्रसिद्ध झाला, काशीच्या संस्कृत पाठशाळेचें प्रमुखपद त्यानें कांहीं काळ सांभाळलें, आणि एडिंबरो विद्यापीठांत संस्कृताचें अध्यासन १८६२ सालीं त्याच्याच देणगीनें स्थापन झालें. ‘मतपरीक्षा’ हा त्याचा ग्रंथ १८३९ सालीं कलकत्त्यास छापला गेला. तो त्यानें पुढें सुधारून वाढविलाही. ग्रंथ श्लोकबद्ध असून गुरुशिष्यसंवादाच्या रूपाचा आहे. अनेक मतें परस्परविरुद्ध असतां त्यांतील सत्य कोणतें हें बुद्धीनें पारखून घेतलें पाहिजे, असा गुरूचा शिष्यास उपदेश. आणि ती पारख करण्यासाठीं खऱ्या शास्त्राचीं तीन लक्षणें त्यानें सांगितलीं आहेत. पहिलें, त्या मताच्या प्रवर्तकाच्या ठिकाणीं अलौकिक सामर्थ्य असून त्याविषयीं विश्वसनीय साक्ष असावी. दुसरें, त्या शास्त्राची शिकवण पवित्र असावी. तिसरें, तें शास्त्र एखाद्या जातीपुरतें अथवा देशापुरतें नसून सर्व मनुष्यांकरितां असावें. हीं तिन्ही लक्षणें बायबलांत आढळतात व अन्यत्र आढळत नाहींत, हा म्यूरचा निष्कर्ष.

पेलीचा प्रभाव येथें उघड दिसतो. हिंदु देवतांविषयीं म्यूरनें या ग्रंथांत जी टीका केली आहे ती कठोर आहे, व तिनें पंडितांस दुखविलें यांत नवल नाहीं. तथापि एक गोष्ट त्याच्या पदरीं घातली पाहिजे. राजसत्तेचा अधिकारी असतांही त्यानें सत्तेचा आधार न घेतां, प्रतिपक्षाची भाषा शिकून, ‘परीक्षा करा’ असें म्हटलें. आणि परीक्षेचें आव्हान दिलें म्हणजे स्वतःचीही परीक्षा होऊं देणें भाग पडतें.

३. तीन उत्तरें

पहिलें उत्तर त्याच वर्षीं निघालें. ‘मतपरीक्षाशिक्षा’ हें त्याचें नांव, कर्ता ‘सोमनाथ’. हें नांव घेणारे पंडित म्हणजे सुबाजी बापू, असें रिचर्ड फॉक्स यंग यांनीं या वादावरील आपल्या १९८१ सालच्या ग्रंथांत दाखविलें आहे. सुबाजी बापू हे भोपाळजवळील सिहोर येथें पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या आश्रयास असलेले महाराष्ट्रीय ज्योतिषी. पुराणांतील भूगोल, सिद्धान्तज्योतिष आणि कोपर्निकसचें मत यांची तुलना करून पुराणांतील भूगोल टाकावा असें सांगणारा ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ त्यांचाच. म्हणजे प्रत्यक्षविरुद्ध गोष्ट ग्रंथांत आहे म्हणून ती मानणारे हे पंडित नव्हेत. म्यूरला दिलेलें त्यांचें उत्तर सौम्य आहे. ईश्वर एक असून अधिकारभेदानें मार्ग निरनिराळे झाले. ज्याला जो मार्ग प्राप्त झाला त्यानें तो निष्ठेनें आचरावा. ख्रिस्त्यास ख्रिस्ती मार्ग योग्यच, परंतु त्यानें इतरांच्या मार्गाची निंदा करूं नये, असा त्यांचा आशय. साक्षीपुराव्याच्या प्रश्नास त्यांनीं हात घातला नाहीं. त्यांच्या मतें त्याची गरजच नव्हती.

दुसरें उत्तर बंगालच्या हरचंद्र तर्कपंचानन यांचें ‘मतपरीक्षोत्तर’ (१८४०). हें तिखट आहे. खरा धर्म सृष्टीच्या आरंभापासून असला पाहिजे. अठराशें वर्षांपूर्वीं निघालेलें मत सत्य असेल तर त्यापूर्वींच्या मनुष्यांची गति काय? असा त्यांचा मुख्य प्रश्न, व त्याबरोबर बायबलांतील कथांवर त्यांनीं प्रतिटीका केली आहे.

तिसरें उत्तर ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. हें १८४४–४५ सालीं काशींत रचलें गेलें, आणि त्याचे कर्ते नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे त्या वेळीं विशीच्या आंतबाहेरचे तरुण होते. त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजीं झांशीजवळ एका कोंकणस्थ कुटुंबांत झाला. मराठी सत्तेबरोबर बुंदेलखंडांत जाऊन राहिलेल्या घराण्यांपैकीं हें एक. तिन्ही उत्तरांत हें सर्वांत विचारपरिप्लुत आहे. नीळकंठशास्त्र्यांचें पहिलें म्हणणें असें कीं, अतींद्रिय विषयांत केवळ तर्क स्वतंत्रपणें निर्णय देऊं शकत नाहीं. आधीं शास्त्रावर श्रद्धा, मग तिला अनुकूल असा तर्क, हाच क्रम होय. दुसरें म्हणणें असें कीं, तर्कच लावावयाचा असेल तर तो ख्रिस्ती मतासही लागू करावा. एकच जन्म मानला तर जन्मांध अर्भकाचें व मुक्या जनावरांचें दुःख कोणत्या न्यायानें? थोड्या वर्षांच्या पापास अनंत काळची शिक्षा कशी? कर्म व पुनर्जन्म मानणाऱ्यास या प्रश्नांचें उत्तर देतां येतें. न मानणाऱ्याच्या ईश्वरावर मात्र विषमता व निर्दयता हे दोष येतात.

४. आप्तवाक्याची कसोटी

आतां या वादाचें परीक्षण आपल्याच शास्त्राच्या कसोटीवर करूं. म्यूरच्या पहिल्या लक्षणाचें मर्म म्हणजे विश्वसनीय साक्ष. आपल्या परिभाषेंत आप्तवाक्य. गौतमानें आप्ताच्या उपदेशास शब्दप्रमाण मानलें आहे. आप्त म्हणजे ज्याला विषयाचें साक्षात् ज्ञान आहे व जें जसें पाहिलें तें तसेंच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. वात्स्यायनानें भाष्यांत पुढें स्पष्टच म्हटलें आहे कीं, हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ यांना सारखेंच लागू पडतें. ‘तर्कसंग्रह’ शिकवीत असतां आप्तलक्षणापाशीं आलों म्हणजे आम्ही विद्यार्थ्यांचें लक्ष या वाक्याकडे नेहमीं वेधीत असूं. कारण साक्षीदाराची जात पाहूं नये, त्याचें ज्ञान व सत्यनिष्ठा पाहावी, हा नियम त्यांत आहे. तेव्हां येशूच्या शिष्यांची साक्ष केवळ परकी म्हणून नैयायिकास नाकारतां येत नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. शब्दप्रमाण दोन प्रकारचें : दृष्टार्थ व अदृष्टार्थ. वेद हा अदृष्टार्थाविषयीं सांगतो, मग त्याचें प्रामाण्य कसें सिद्ध करावयाचें? गौतमाचें उत्तर असें कीं, मंत्र व आयुर्वेद यांचें फळ प्रत्यक्ष अनुभवास येतें. त्यावरून त्यांचा वक्ता आप्त ठरतो. आणि दृष्ट विषयांत जो आप्त ठरला त्याच्यावर अदृष्ट विषयांतही विश्वास ठेवावा. पेली व म्यूर यांची युक्ति हुबेहुब याच घडणीची आहे. येशूचीं अलौकिक कृत्यें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलीं. त्यावरून तो विश्वसनीय ठरला. म्हणून ईश्वर, पाप व मुक्ति यांविषयींचें त्याचें वचन ग्राह्य. उलट मीमांसकाचा मार्ग अगदीं वेगळा. वेद अपौरुषेय व स्वतःप्रमाण. तेथें वक्त्याची परीक्षा हा प्रश्नच उद्भवत नाहीं. ‘आधीं श्रद्धा, मग तर्क’ हें नीळकंठशास्त्र्यांचें म्हणणें या दुसऱ्या परंपरेच्या जवळचें आहे. त्या दृष्टीनें हा वाद नैयायिक व मीमांसक यांच्यामधील जुन्या भांडणाचें नवें रूप होता.

मतांची परीक्षा ही कल्पनाही म्यूरनें प्रथम आणली असें नाहीं. नवव्या शतकांतील काश्मीरचा जयंतभट्ट यानें ‘न्यायमंजरी’त सर्व आगमांच्या प्रामाण्याचा विचार करून, मान्य आगमाची परंपरा अखंड असावी, तो नव्यानें निघालेला नसावा, शिष्टजनांस उद्वेग देणारा नसावा, अशा कसोट्या सांगितल्या आहेत. हरचंद्रांचा ‘नवें मत’ हा आक्षेप याच जातीचा आहे.

युक्तीच्या बाजूसही असेंच साम्य दिसतें. जगत् हें कार्य आहे, म्हणून घटास जसा कुंभार तसा जगास कर्ता असला पाहिजे, हें अनुमान उदयनाचार्यांनीं ‘न्यायकुसुमांजली’त दहाव्या शतकांत विस्तारानें मांडलें. पेलीनें १८०२ सालच्या आपल्या दुसऱ्या ग्रंथांत घड्याळावरून घड्याळजीचें जें अनुमान केलें, तें याच कुळांतलें. यामुळें एक फरक पडतो. ह्यूमच्या आक्षेपाचें पूर्ण बळ ईश्वर न मानणाऱ्याच्या हातींच येतें. ज्यानें युक्तीनें ईश्वर मानला, त्याला ईश्वरी चमत्कार असंभव म्हणतां येत नाहीं. तो घडला कीं नाहीं, हें साक्षीवरूनच ठरवावें लागतें. युक्तीनें द्वार उघडावें व साक्षीनें आंत यावें, अशी ही जोडी आहे.

५. साधनांची साक्ष

तर मग साक्ष कशी आहे? १८३९ सालीं म्यूरजवळ जीं साधनें नव्हतीं, तीं आज आहेत. योगायोग असा कीं, ज्या १८४४ सालीं काशींत ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला जात होता, त्याच वर्षीं टिशेनडॉर्फ या जर्मन पंडितास सिनाय पर्वताच्या पायथ्याच्या सेंट कॅथरिनच्या मठांत एका प्राचीन ग्रीक बायबलाचीं पानें प्रथम दृष्टीस पडलीं. चौथ्या शतकांतील हीच ‘सिनायची पोथी’; तिचा मोठा भाग ब्रिटिश म्यूझियमनें १९३३ सालीं एक लाख पौंडांस विकत घेतला. पौलाच्या पत्रांची सुमारें इ. स. २०० मधील पपायरसवरील पोथी १९३० नंतरच्या दशकांत प्रसिद्ध झाली. योहानाच्या शुभवर्तमानाचा तळहाताहून लहान असा एक तुकडा १९३५ सालीं छापून प्रसिद्ध झाला; तो दुसऱ्या शतकांतला मानतात, मात्र त्या शतकाच्या आरंभाचा कीं अखेरचा याविषयीं मतभेद आहे. नव्या कराराचीं ग्रीक हस्तलिखितें आज पांच हजारांहून अधिक नोंदलेलीं आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताच्या बाराशेंहून अधिक हस्तलिखितांचा शोध घेऊन, त्यांतील निवडक पोथ्यांवरून शुद्ध पाठ ठरविण्याचें जें काम केलें, त्याच जातीचें हें पाठसंशोधन होय. आमच्या वाचकांस त्याची पद्धत समजावून सांगण्याची गरज नाहीं.

हस्तलिखितांपेक्षां मूळ लेखनाचा काळ अधिक महत्त्वाचा. येशूचा वध इ. स. ३० अथवा ३३ च्या सुमाराचा. पौलानें करिंथकरांस लिहिलेलें पहिलें पत्र इ. स. ५४ च्या सुमाराचें, म्हणजे वीसपंचवीस वर्षांनंतरचें. त्यांत पुनरुत्थित येशूचें दर्शन कोणाकोणास झालें त्यांची यादी आहे, व ही गोष्ट आपणांस पूर्वींच्यांकडून मिळाली असें पौल सांगतो. पौल स्वतः आधीं या पंथाचा छळ करणारा होता, म्हणजे त्याची साक्ष मूळच्या प्रतिपक्षीयाची आहे. मार्काचें शुभवर्तमान इ. स. ७० च्या सुमाराचें, योहानाचें शतकाच्या अखेरीचें, असें बहुतेक विद्वान् मानतात. आपल्याकडील मापानें बोलावयाचें तर शिवछत्रपतींच्या १६७४ सालच्या राज्याभिषेकापासून १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या सभासद बखरीचें जें अंतर, साधारण तेंच येशूच्या वधापासून पौलाच्या पत्राचें. आणि चिटणीस बखरीचें शतकाहून जास्त अंतर पाहिलें तर चारही शुभवर्तमानें घटनेच्या फार जवळचीं ठरतात. सभासदास आपण प्रमाण मानतों, पण त्याचीं सर्व वाक्यें सारख्याच विश्वासानें घेत नाहीं. येथेंही तोच विवेक हवा.

परपक्षीय साक्षही आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस यानें इ. स. ११६ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथांत, तिबेरियस बादशहाच्या कारकीर्दींत पंतय पिलात या अधिकाऱ्याकडून ख्रिस्तास देहदंड झाल्याचें नमूद केलें आहे. यहुदी इतिहासकार जोसिफस येशूच्या भावाचा उल्लेख करितो. त्याचा येशूविषयींचा दुसरा मोठा उल्लेख मात्र पुढें ख्रिस्ती लेखकूंनीं वाढविलेला आहे, असें बहुतेक संशोधक मानतात. पिलाताचें नांव असलेला एक शिलालेख १९६१ सालीं कैसरिया येथें उत्खननांत सांपडला.

पुरावा मात्र दोन्हीकडे कापतो, हेंही सांगितलें पाहिजे. सिनायची पोथी व तिच्याच काळची व्हॅटिकनची पोथी या दोहोंतही मार्काच्या शेवटचीं बारा वचनें नाहींत. आणि येशूच्या पुनरुत्थानोत्तर दर्शनांचें मार्कांतील वर्णन नेमकें त्या बारा वचनांतच आहे. आज ख्रिस्ती विद्वानच तीं वचनें मागाहून जोडलेलीं मानतात. श्रद्धेस अनुकूल असलेला मजकूर प्रमाणाअभावीं बाजूस ठेवण्याचें हें धैर्य प्रशंसनीय आहे. ज्यांनीं पुराव्याचा आश्रय केला त्यांस पुराव्याची आज्ञाही पाळावी लागली.

६. साक्ष कोठें थांबते

या साधनांवरून काय ठरतें? येशू हा ऐतिहासिक पुरुष होता, पिलाताच्या अमलांत त्यास क्रुसावर मारलें, आणि थोड्याच अवधींत त्याच्या अनुयायांची अशी दृढ खात्री झाली कीं तो पुन्हां उठला व आपणांस भेटला. इतकें इतिहासाच्या नेहमींच्या मापानें सिद्ध आहे. श्रद्धा नसलेले विद्वान् देखील बहुतेक हें मान्य करितात. शिष्यांनीं सोसलेल्या यातनांवरून ते कपटी नव्हते हेंही पटतें. परंतु साक्षीदार प्रामाणिक आहे एवढ्यानें त्याचें ज्ञान यथार्थ होतें असें नाहीं. शुक्तीच्या ठायीं रजत पाहणारा मनुष्यही प्रामाणिकच असतो. शिष्यांच्या खात्रीचें कारण प्रत्यक्ष पुनरुत्थान, कीं भ्रम, कीं अन्य कांहीं, हा निर्णय करितांना संशोधकाची ईश्वराविषयींची आधींची भूमिका तराजूंत येऊन बसते.

पंडितांच्या बाजूनें असें विचारतां येईल कीं, पुराणांतही चमत्कार आहेत, मग तुमचेच कां मानावे? याला म्यूरच्या पक्षाचें उत्तर असें कीं, सर्व चमत्कारकथांची साक्ष सारख्या तोलाची नसते. काळ, साक्षीदार व लेखनाचा प्रकार पाहावा. संशोधक या नात्यानें हें उत्तर आम्हांस योग्य वाटतें. वीसपंचवीस वर्षांतील पत्र व शतकानुशतकें वाढत गेलेलें पुराण यांना एकाच मापानें मोजणें शास्त्रशुद्ध नव्हे.

परंतु नीळकंठशास्त्र्यांचा आक्षेप याहून खोल होता, व त्याला हें उत्तर लागू पडत नाहीं. अर्भकाच्या दुःखाचा प्रश्न कोणत्याही पोथीच्या काळनिर्णयानें सुटत नाहीं. दृष्टार्थाची साक्ष कितीही बळकट असली तरी तिच्यावरून अदृष्टार्थाकडे जातांना मध्यें एक पाऊल पडतें, आणि तें पाऊल साक्ष टाकीत नाहीं. मनुष्यास तें स्वतः टाकावें लागतें. ही अडचण जशी म्यूरची तशीच गौतमाचीही आहे. औषधानें ताप उतरला, यावरून स्वर्ग सिद्ध होतो काय?

७. नीळकंठशास्त्र्यांचें उत्तरायुष्य

या वादाचा निकाल ग्रंथांतून लागला नाहीं. पण तो एका मनुष्याच्या आयुष्यांत चालूं राहिला. म्यूरच्या मतास उत्तर दिल्यावरही नीळकंठशास्त्र्यांचा काशींतील मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशीं वाद चालूच होता. खंडनासाठीं बायबल वाचीत असतां मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, व ते नेहेम्या गोऱ्हे झाले. म्यूरच्या तीन लक्षणांत चमत्काराची साक्ष पहिली होती. परंतु हें प्रवचन दुसऱ्या लक्षणाचा, शिकवणीच्या पावित्र्याचा विषय आहे. साक्षीनें जेथवर नेलें नाहीं, तेथवर शिकवणीनें नेलें.

तरीही युक्तीचा व्यासंग त्यांनीं सोडला नाहीं. १८६० सालीं त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ निघाला, व दोन वर्षांनीं फिट्झएडवर्ड हॉल यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. वेदान्तांतील पारमार्थिक, व्यावहारिक व प्रातिभासिक या तीन सत्तांची त्यांत केलेली चिकित्सा वाचतांना, पूर्वपक्षाच्या घरांत वाढलेला मनुष्य लिहितो आहे हें पानोपानीं जाणवतें. वीस वर्षांच्या वयांत ज्या तर्काला त्यांनीं श्रद्धेचा अनुचर म्हटलें होतें, त्याच तर्कानें त्यांनीं आपल्या जुन्या मताची परीक्षा केली. आणि नवें मत तरी निःशंक होतें काय? त्यांच्या चरित्रावरून दिसतें कीं, बाप्तिस्म्यानंतरही शंकांनीं त्यांस वारंवार गांठलें, व प्रमाणांचा विचार त्यांनीं अखेरपर्यंत चालूं ठेवला. १८८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी पुस्तकांत, ख्रिस्ती धर्म मनुष्यकृत नसून ईश्वरकृत आहे, हेंच ते पुन्हां सिद्ध करूं पाहत होते.

उत्तरायुष्यांत त्यांचा पुण्याशीं व मुंबईशीं संबंध जडला. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त असल्यास प्रमाण काय, या प्रश्नावरील त्यांचें लिखाण पंडिता रमाबाईंच्या हातीं पडलें, व २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला, त्या निर्णयास या लिखाणाचा मोठा आधार झाला. संस्कृतज्ञ मातेजवळ पुराणें शिकलेल्या त्या विदुषीस पंडिताच्याच पद्धतीचा युक्तिवाद जवळचा वाटला असल्यास तें स्वाभाविकच होय. नीळकंठशास्त्री २९ ऑक्टोबर १८९५ रोजीं मुंबईस निवर्तले.

८. उपसंहार

आमच्या मतें या साऱ्या वादाचें फलित असें. ख्रिस्ती श्रद्धेस साक्षीचा आधार आहे, व तो बराच भक्कम आहे. त्यास कपोलकल्पित म्हणून उडवून लावणारा मनुष्य साधनांशीं अन्याय करितो. युक्तीचाही आधार आहे. ईश्वर मानणाऱ्यास तर तो विशेष जाणवेल. या दोन्ही आधारांमुळें त्या श्रद्धेस अंधश्रद्धा म्हणतां येत नाहीं. परंतु आधार म्हणजे उत्पत्ति नव्हे. मांडवास खांब लागतात, पण वेल बीजांतूनच उगवतो. सुबाजी बापूंपुढें मांडलेली साक्ष व नीळकंठशास्त्र्यांपुढें मांडलेली साक्ष एकच होती. एक जन्मभर आपल्या मार्गावर राहिले, दुसऱ्यांनीं घर, आप्त व प्रतिष्ठा यांवर पाणी सोडलें. दोघांपैकीं कोणासही बुद्धिहीन अथवा अप्रामाणिक म्हणण्याचें धाडस कोणी करूं नये.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ रचनेनंतर शंभरांहून अधिक वर्षें हस्तलिखितरूपांतच होता, स. ल. कात्रे यांनीं संपादिलेली त्याची आवृत्ति उज्जयिनीच्या सिंदिया प्राच्य संस्थेनें १९५१ सालीं काढली, तेव्हां कोठें तो सर्वांस वाचावयास मिळाला. एकोणिसाव्या शतकांतील धर्मवादांचीं असलीं चोपडीं, दोन्ही पक्षांचीं, पातळ कागदावर छापलेलीं वा घाईनें लिहिलेलीं असतात. दफ्तरें धुंडाळतांना सनदा व पत्रें वेंचून घेतात आणि हीं चोपडीं रद्दींत जातात. तीं कोणत्या मताचीं आहेत हें न पाहतां जपून ठेवावीं. वाद करणारे दोन्ही पक्ष गेले. त्यांनीं आपापल्या श्रद्धेसाठीं कोणतें प्रमाण पुढें केलें, एवढें सांगावयास हे कागदच काय ते मागें उरले आहेत.